जुन्या कानशीपासून छोटी सुरी: भट्टी पेटवायची की नाही?

सुतारपक्षी

लाकूडकाम करणाऱ्याकडे झिजलेल्या कानशी साठतातच. दात बोथट झाले तरी त्या टाकवत नाहीत, कारण पोलाद खणखणीत आहे हे हातात घेतल्यावर कळतं. माझ्याकडे चपट्या, अर्धगोल, त्रिकोणी असा बराच साठा झालाय. त्यातून दोन गोष्टी करायच्या आहेत: लाकडावर मापाची रेघ मारायला एक सुरी आणि कोरीवकामाला बोटभर पात्याची एक.

जिथे वाचावं तिथे एकच पाठ. कानस लालबुंद करा, राखेत पुरून मऊ करा, आकार द्या, पुन्हा लाल करा, तेलात बुडवा, पुन्हा भाजा. माझ्याकडे भट्टी नाही. बेंच ग्राइंडर, एक अँगल ग्राइंडर, व्हाइस आणि साधा इलेक्ट्रिक ओव्हन एवढंच आहे. एवढ्यावर काम होईल का? की आधी भट्टी लावण्याच्या मागे लागू?

धातुशोध

होईल. आणि पहिली सुरी तरी भट्टीशिवायच करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कानशीला पाणी आधीच पाजलेलं असतं (म्हणजे लाल तापवून झटकन गार करून कडक केलेलं), तेही कारखान्यात, मोजलेल्या तापमानाला. चांगल्या कानशीच्या पोलादात साधारण १ ते १.३ टक्के कार्बन असतो आणि तिचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ६२ ते ६५च्या आसपास. दुसरं लोखंड कापायचं तर एवढं लागतंच. सुरीला एवढा कडकपणा झेपत नाही, पातळ धारेचे टवके उडतात. तिला ६०च्या अलीकडे-पलीकडे आणलं की झालं. म्हणजे आपल्याला फक्त थोडं खाली उतरायचंय, आणि त्याला २००-२२० अंश सेल्सिअस पुरतात. ओव्हन आहे ना? झालं तर मग.

कडक पोलादात कार्बन लोखंडाच्या जाळीत कोंबून अडकलेला असतो, म्हणून ते कडक आणि म्हणूनच ठिसूळ. दोनशेच्या वर शेकलं की त्यातला थोडा कार्बन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतो, आतला ताण सैल होतो, चिवटपणा येतो. पहिल्यांदा दीड-दोन तास, बाहेर काढून पूर्ण गार, मग तेवढंच पुन्हा. दुसरा शेक टाळू नका. पहिल्या शेकानंतर गार होताना थोडा नवा ठिसूळ भाग तयार होऊ शकतो, तो दुसऱ्यात निवतो.

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नका. आतलं तापमान सतत वरखाली होत असतं, आणि तापणाऱ्या कॉइलजवळ तर आकड्यापेक्षा बरंच जास्त असतं. ट्रेमध्ये कोरडी वाळू भरून कानस तिच्यात पुरा आणि वाळूत वेगळा थर्मामीटर खोचा. कानशीला तेल-ग्रीस असेल तर आधी धुऊन टाका, नाहीतर धुराने घर भरेल.

बिनधारेचा

वाचनखूण साठवली आहे. रंग बघून तापमान ओळखतात ना? पिवळा, जांभळा, निळा वगैरे?

धातुशोध

ओळखतात. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर २०५ला फिकट गवती, २३०ला गडद गवती, २५०च्या सुमारास तपकिरी, २७५-२८०ला जांभळा आणि ३००ला निळा. पण हा रंग म्हणजे वर चढलेल्या ऑक्साइडच्या थराची जाडी. तेच तापमान दोन तास राहिलं तर रंग एक घर पुढे सरकतो. टॉर्चने झटपट शेकताना रंग बघा, ओव्हनमध्ये थर्मामीटर बघा.

रंगाचा खरा उपयोग ग्राइंडरवर आहे. घासताना धारेजवळ निळा डाग उमटला म्हणजे तेवढा भाग ३००ला पोचला, मऊ पडला. पॉलिश पेपरने रंग जातो, मऊपणा जात नाही. डागाच्या मागेपर्यंत पोलाद घासून काढणं एवढाच उपाय.

भट्टीवाला

धागा वाचून राहवलं नाही. धातुशोध यांचं म्हणणं चूक नाही, पण अर्धं आहे.

कडक कानस घासून सुरी करायची म्हणजे दगड आणि पट्टे झिजवायचे. भट्टीत तीच कानस नारिंगी करून ऐरणीवर धरली की थोड्या घावांत टोक निमुळतं होतं, पाठ जाड राहते, पात्याला हवा तसा उतार मिळतो. माल वाया जात नाही. शिवाय कडक कानशीला भोक पडत नाही, साधा ड्रिल बिट नुसता घसरतो. मग मूठ बसवणार कशी? आणि चार मिलिमीटर जाडीच्या चपट्या कानशीतून कोरीवकामाचं पातळ पातं निव्वळ घासून काढायचं, तेही दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत, हे कंटाळवाणं काम आहे. करून बघा आणि मग बोला.

ज्यांना घडवायचंय त्यांच्यासाठी: दात आधी पूर्ण घासून काढा. मग भट्टी. दात तसेच ठेवून घाव घातले तर ते आडवे होऊन पोलादातच दुमडले जातात. वरून काही दिसत नाही, पण आत शेकडो बारीक चिरा दडून राहतात आणि तेलात बुडवताना नेमक्या तिथेच उकलतात. दातांच्या खाचेचा तळ दिसेनासा होईपर्यंत घासा. "थोडे राहिले, चालतील" हे इथे चालत नाही.

आणि लाल रंग काळपट व्हायला लागला की हातोडा खाली ठेवा. एवढ्या कार्बनचं पोलाद थंड झाल्यावर ठोकलं की तडकतं. उलट पिवळं-पांढरं होऊन त्यातून ठिणग्या उडायला लागल्या तर ते जळलं, तो भाग कापून टाका.

सुतारपक्षी

दोघांचेही आभार. भोकाचा मुद्दा पटला. त्याचं काय करायचं?

धातुशोध

कानशीची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा निमुळता भाग, मुळातच मऊ असतो. कारखानदार मुद्दाम तसा ठेवतात, नाहीतर मुठीशीच कानस तुटेल. तोच भाग तुमच्या सुरीच्या मुठीत घाला, भोक पाडायची वेळच येत नाही. दोन फळ्या रिव्हेटने बसवायच्या असतील तर पातं ओल्या जाड कापडात गुंडाळून किंवा पाण्यात बुडवून मागचा भाग टॉर्चने काळपट लाल करा आणि हवेतच गार होऊ द्या. साधा बिट उतरेल.

भट्टीवाले, सुतारपक्षींनी वर लिहिलेल्या "राखेत पुरून मऊ करा" या पायरीबद्दलही बोलायचंय. चुंबक सोडेपर्यंत (पुरेसं तापलं की पोलादाला चुंबक चिकटत नाही) तापवून रात्रभर राखेत ठेवायची पद्धत मध्यम कार्बनच्या पोलादाला छान. पण लोखंड-कार्बनचं समतोल प्रमाण साधारण ०.८ टक्के. कानशीत त्याहून जास्त कार्बन असतो. असं पोलाद एवढ्या तापमानावरून सावकाश गार केलं तर जादा कार्बन कणांच्या सीमांवर कडक, ठिसूळ जाळं करून बसतो. मऊ वाटतं, कानस चालते, पण ते जाळं मोडलं नाही तर पुढे धारेचे टवके निघतात. त्यापेक्षा नुसतं काळपट लाल करा, चुंबक अजून चिकटतंय एवढंच, म्हणजे ६५० ते ७००. तिथे काही मिनिटं धरून हवेत गार करा. कार्बनचे गोल कण होतात, पोलाद घासण्याजोगं मऊ पडतं आणि राखेचीही गरज नाही.

भट्टीवाला

हे मान्य. मीही हल्ली राख वापरत नाही. पण ठोकून घडवलं असेल तर नंतर कण बारीक करावे लागतात, ते लिहायचं राहिलं तुमचं. घडवून झालं की चुंबक सोडेपर्यंत, किंचित वर, तापवायचं आणि स्थिर हवेत काळं होऊ द्यायचं. पुन्हा, थोडं कमी तापवून. तिसऱ्यांदा आणखी कमी. वारा घालायचा नाही, पाण्यात घालायचं नाही. ठोकताना वाढलेले कण यात बारीक होतात. सगळ्या कामात आळस करावासा वाटतो तो याच पायरीला, आणि पातं मोडतं तेही याच पायरीमुळे.

शंकासुर

माझा नेहमीचा आडवा प्रश्न. कानस आतूनही पोलादाची आहे हे कशावरून? स्वस्त कानशी म्हणे मऊ लोखंडाच्या असतात आणि वरचा पापुद्रा तेवढा कडक केलेला असतो.

धातुशोध

प्रश्न आडवा नाही, सगळ्यांत आधी विचारायचा आहे. ही युक्ती जुनीच आहे. बाराव्या शतकातल्या थिओफिलस या कारागीर-साधूने मऊ लोखंडाच्या कानशीला डुकराची चरबी चोपडून, बकऱ्याच्या चामड्याच्या पट्ट्या गुंडाळून, वर माती लिंपून तापवायचं आणि मग विझवायचं, अशी कृती लिहून ठेवली आहे. जळलेल्या चामड्यातला कार्बन लोखंडाच्या कातडीत शिरतो, आत मात्र जात नाही. आजही काही स्वस्त कानशी आणि काही रास्प (लाकडाच्या जाड दातांच्या कानशी) अशाच असतात. अशा कानशीचे दात घासले की त्याबरोबर पोलादही गेलं.

ठिणगी बघा. ग्राइंडरवर कानशीचं टोक टेकवा आणि शेजारी साधा खिळा धरा. खिळ्याच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे फारसे नाहीत. भरपूर कार्बनचं पोलाद फुलबाजीसारखं चाकाजवळच दाट फुटतं, प्रत्येक ठिणगीला फाटे आणि फाट्यांना उपफाटे. पण ही तपासणी वरच्या कातडीवर करून उपयोग नाही. एका जागी मिलिमीटरभर खोल घासा आणि मग आतल्या भागाच्या ठिणग्या बघा.

दुसरी तपासणी तोडून. अँगल ग्राइंडरने आडवी खाच पाडा, कानस जाड कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, गॉगल घाला आणि हातोड्याचा एक फटका. खरी कानस फारशी न वाकता कटकन तुटते आणि तुटलेली जागा आरपार एकसारखी बारीक, करडी दिसते. कडेला एक पट्टा आणि गाभा वेगळाच दिसला, किंवा कानस आधी वाकली, तर ती बाजूला ठेवा. कापायची तर तुम्हाला आहेच, तेव्हा ही तपासणी फुकटात पडते.

ठिणगी

माझं काम थोडं पुढे गेलंय, म्हणून इथेच विचारते. छोटं पातं घडवलं, तेलात पाणी पाजलं, कडक झालं (दुसरी कानस वरून घसरते), पण टोकाकडे डावीकडे वाकलंय. फार नाही, पट्टी लावली की फट दिसते. सरळ करायला गेले तर तुटेल का?

भट्टीवाला

आत्ता थंड असताना हात लावू नका. तुटेल.

ठिणगीताई, हे पातं शेकायच्या वेळी सरळ करता येतं. एक जाड सरळ लोखंडी पट्टी घ्या, पातं तिच्यावर उलट्या बाजूने ठेवा, दोन टोकांखाली पातळ पत्रा आणि मधे क्लॅम्प, म्हणजे आत्ताच्या वाकाच्या विरुद्ध किंचित जास्त वाकेल. मात्र पहिला शेक न वाकवताच होऊ द्या. क्लॅम्प दुसऱ्या शेकाला लावा, पातं गरम असतानाच हळूहळू आवळा, आणि तसंच ओव्हनमध्ये ठेवा. गार झाल्यावर सोडून बघा. नाही जमलं तर तिसरा शेक, आणखी एक पत्रा.

पुढच्या वेळी तेलातून काढल्या काढल्या बघायचं. पोलाद तेलातून निघाल्यावर लगेच कडक नसतं. या कार्बनला साधारण २०० अंशांच्या खाली उतरल्यावर ते कडक व्हायला लागतं. तोवर जाड हातमोजे घालून हाताने सरळ करता येतं. वेळ अगदी थोडा मिळतो. "आता जोर लागतोय" असं वाटलं की थांबायचं.

ठिणगी

धन्यवाद! आणि वाकलं कशामुळे? तेल तर मी कोमट केलं होतं.

भट्टीवाला

तेल कोमट केलंत ते बरोबर, ५०-६० अंशांचं तेल थंड तेलापेक्षा पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढतं. पातं आत कसं घातलंत? आडवं किंवा तिरकं गेलं तर एक बाजू आधी गार होते. टोक खाली, सरळ उभं, आणि हलवायचं तर धारेच्या दिशेने पुढे-मागे, डावी-उजवीकडे नाही. दुसरं कारण म्हणजे दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या नसणं. एका बाजूचा उतार जास्त असेल तर वाकणारच. आणि धार आधीच कागदासारखी करून ठेवू नका, तिथे जवळजवळ मिलिमीटरभर जाडी राहू द्या. बाकीचं नंतर घासायचं.

पाण्यात बुडवायचा मोह कोणालाही झाला तर: कारखान्यात कानस खाऱ्या पाण्यात विझवतात हे खरं आहे, पण तिची जाडी बघा. पातळ पातं पाण्यात 'टिंग' असा आवाज करतं, आणि मग फक्त चीर शोधायची उरते.

धातुशोध

यात एक भर. या पोलादाला लाल अवस्थेतून ५५० अंशांच्या खाली यायला सेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो. उशीर झाला तर अर्धवट मऊच राहतं. म्हणून तेलाचं भांडं भट्टीच्या शेजारी हवं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको. जाड पातं तेलात पुरतं कडक होत नाही ते यामुळेच. छोट्या सुरीला कानस सोयीची पडते त्याचंही हेच कारण, पातळ असल्याने साधं खाद्यतेलही काम भागवतं.

कानस घसरते का ही तपासणी करताना एक दोन घासे जास्त मारा. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जातो आणि तो पापुद्रा मऊ राहतो. कानस लागली म्हणून घाबरून पुन्हा तापवायच्या आधी खाली काय आहे ते बघा.

तिरपा_कोन

सुंदर धागा. पुढील लेखनास शुभेच्छा.

धारेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. रेघ मारायच्या सुरीला एकाच बाजूने उतार द्या, दुसरी बाजू दगडावर अगदी सपाट. सपाट बाजू गुण्याला (काटकोन आखायच्या साधनाला) टेकते, रेघ नेमकी पडते. कोरीवकामाच्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार, दोन्ही मिळून २० ते २५ अंश. लाकूड कडक असेल तर थोडं वर जा. बारीक दगडावर आलं की पलीकडच्या बाजूला काठ उलटलेला बोटाला लागतो, तो सगळ्या लांबीभर लागल्याशिवाय बाजू बदलू नका. शेवटी चामड्यावर मागच्या दिशेने ओढा.

टवके निघाले तर लगेच पोलादाला दोष देऊ नका. आधी कोन दोन-तीन अंशांनी वाढवून बघा. तरी निघाले तर आणखी दहा-पंधरा अंश जास्त तापमानाला शेका. पोलाद तेच, मूठ काढावी लागेल एवढंच.

बिनधारेचा

पात्याच्या बाजूला कानशीचे दात नक्षी म्हणून तसेच ठेवलेल्या सुऱ्यांचे फोटो पाहिलेत. भारी दिसतं. ठेवावेत का?

भट्टीवाला

पाठीकडे, मुठीजवळ ठेवा हवे तर. मात्र पुन्हा पाणी पाजणार असाल तर नको. प्रत्येक खाच ही चिरेची सुरुवात असते. न तापवता घासून केलेल्या सुरीत धोका कमी, तरी धारेपर्यंत खाचा आल्या तर धार करवतीसारखी होईल.

पात्यातून शेपटी जिथे सुरू होते तिथे काटकोनी खाच कधीच ठेवू नका. गोल कानशीने तो कोपरा गोलसर करा. बऱ्याच सुऱ्या मोडतात त्या तिथेच.

शंकासुर

सगळे पोलादाबद्दल बोलताहेत, फुप्फुसांबद्दल कोण बोलणार?

धातुशोध

बरोबर. गॉगल आणि धुळीचा मास्क ग्राइंडर सुरू करायच्या आधी. पण ग्राइंडरवर हातमोजे नकोत. कापड चाकात अडकतं, आणि पातं किती तापलंय हे उघड्या बोटांनाच कळतं. बोटाला चटका बसला की पाण्यात, एवढा साधा नियम. दोन शेक झाल्याशिवाय कडक पातं हातातून पाडू नका. आणि सुतारपक्षी, तुमच्यासाठी खास: ज्या कोपऱ्यात लाकडाचा भुसा साठतो तिथे पोलाद घासू नका. ठिणगी भुशात शिरून तासाभराने धुमसते. भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमला तर ग्राइंडर अजिबात जोडू नका.

तेलात बुडवणाऱ्यांनी धातूचं खोल भांडं आणि त्यावर बसणारं धातूचं झाकण जवळ ठेवावं. तेल पेटलं तर झाकण, पाणी कधीही नाही.

सुतारपक्षी

अपडेट. चपटी कानस तोडली, आतून एकसारखी करडी निघाली. वाळूत पुरून २१०ला दोन शेक दिले. रेघ मारायची सुरी घासून झाली, निळा डाग नाही. घासायला वेळ लागला हे भट्टीवाल्यांचं खरं, पण एका बाजूचाच उतार असल्याने सुसह्य होतं. मूठ शेपटीवर, एपॉक्सी लावून. आडव्या रेषांवरून ती एका हाती तंतू कापत जाते, पेन्सिल आता नकोशी झालीय.

आता पुढचा हट्ट. अर्धगोल कानस उरली आहे. चमच्याचा खोलगट भाग कोरायला आकड्यासारखी वाकडी सुरी लागते. ती याच पद्धतीने, ओव्हनवर होईल?

धातुशोध

नाही. २१० अंशांना शेकलेली कानस वाकणार नाही, मोडेल. तिला नारिंगी करावंच लागेल, आणि वाकवल्यावर पाणी पुन्हा पाजावं लागेल. इथे माझी ओव्हनची बाजू संपली.

भट्टीवाला

या, या. वाटच बघत होतो. :)

भट्टी मोठी लागत नाही. भट्टीच्या विटा, साध्या भिंतीच्या नव्हे, अशा चार-पाच घेऊन मुठीएवढी पोकळी करा, बाजूने गॅस टॉर्च. तेवढ्यात आकडीएवढं पोलाद आरामात नारिंगी होतं. अर्धगोल कानस आहे ना, आधी सगळे दात घासा, दोन्ही बाजूंचे. टोकाकडचा भाग दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा करून घ्या. उताराचं बरंचसं काम सरळ असतानाच उरका, वाकवल्यावर आतल्या बाजूला दगड पोचत नाही. मग नारिंगी करून लोखंडी पाइपाभोवती सांडशीने वाकवा, ओढून नव्हे, लाकडी हातोडीने टेकवत. थंड व्हायला लागलं की पुन्हा भट्टीत. वाकवून झालं की हवेत तीनदा गार करायची ती पायरी, मग चुंबक सोडल्यावर एक छटा वर, आणि तेल.

पाइपाचा व्यास किती घेणार ते सांगा, त्यावरून पट्टी किती लांब कापायची ते ठरेल.